दुरुस्ती पायी निघाली

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना अमेरिकेतल्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक लहानशी फाइल पाठवली. संगणकांचे सायबर हल्ल्यांपासून रक्षण करणारी ही कंपनी. अशा फायली ती वरचेवर पाठवत असे. १० वाजून ५७ मिनिटांनी तिने ती फाइल मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. हा आकडा मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी जाहीर केला. विंडोजवर चालणाऱ्या सगळ्या यंत्रांच्या तो एक टक्कासुद्धा नव्हता. पण ही यंत्रे विमानतळांच्या काउंटरवर, दवाखान्यांच्या नोंदणीकक्षात, बँकांत आणि वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओत होती.

त्या दिवशी आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दिल्लीच्या विमानतळावर विमानांची माहिती पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहावी लागली. इंडिगोला जवळपास दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली. बँका मात्र बऱ्याच वाचल्या. देशातल्या फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला, असे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितले. हे संरक्षक सॉफ्टवेअर आपल्याकडच्या मोजक्याच बँका वापरत होत्या.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक लेखन बिघाडाबद्दल होते: चूक कोणाची, नुकसान किती, खटला कोण भरणार. मला दुरुस्तीबद्दल लिहायचे आहे. चुकीची फाइल तारेतून गेली आणि तासाभरात पृथ्वीभर पसरली. ती काढायला माणसांना एकेका टेबलापाशी जाऊन बसावे लागले, आणि ते काम पुढे दिवसेंदिवस चालले. सुरूच न होणाऱ्या संगणकापर्यंत दुसरा कोणताही संगणक सहजी पोचू शकत नाही. त्याच्यासमोर कोणीतरी प्रत्यक्ष बसावे लागते. त्या बसणाऱ्या माणसाच्या कामाकडे आपण फारच कमी पाहतो.

त्याचे काम समजून घ्यायचे तर बटण दाबल्यापासून पडद्यावर आपले नाव उमटेपर्यंत आत काय घडते ते पाहायला हवे. बटण दाबले की आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आपले व्होल्टेज स्थिरावले आहे असा इशारा मदरबोर्डला देतो. त्यानंतर प्रोसेसर जागा होतो. त्या क्षणी त्याला काहीच माहीत नसते. विंडोज म्हणजे काय, डिस्क कुठे आहे, रॅम किती आहे, यातले काहीही नाही. त्याला फक्त एक पत्ता ठाऊक असतो. आपल्या घरच्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरसाठी हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडचा आहे. तिथे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्राम त्याची वाट पाहत असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय. दुकानांत अजून सगळेच बायोस म्हणतात.

हा प्रोग्राम रॅम, कीबोर्ड, डिस्प्ले आणि डिस्क तपासतो. मग डिस्कवरून पुढचा प्रोग्राम उचलतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सगळा संसार मावलेला असे: ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कच्या भागांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट नुसत्या खुणेचे. ती खूण जागेवर नसली तर यंत्र डिस्कला ओळखच दाखवत नसे. नव्या पद्धतीत यासाठी डिस्कवर एक स्वतंत्र छोटा विभाग राखलेला असतो. तिथला बूट मॅनेजर विंडोज कुठे आहे ते शोधतो आणि लोडरला बोलावतो. लोडर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो आणि त्याच्यासोबत अगदी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणतो. त्यानंतर बाकीच्या सेवा जाग्या होतात आणि सगळ्यात शेवटी आपले नाव व पासवर्डची चौकट येते.

चांगल्या दुरुस्तीवाल्याची सगळी कसोटी इथे लागते. संगणक सुरू होत नाही, एवढे ग्राहकाचे एकच वाक्य असते. गाडी नेमकी कुठवर आली आणि कुठे अडली, हे त्याला त्यातून ओळखायचे असते. पंखाच फिरत नाही? मग विंडोजचा काही संबंध नाही, वीज पाहा. पंखा फिरतो, पडदा काळा, आणि लांब बीप वाजतो? बहुतेकदा रॅम. कंपनीचा लोगो येतो आणि मग बूट करायला डिस्कच नाही असा संदेश येतो? केबल, डिस्क किंवा बायोसमधली सेटिंग. विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरत राहते, किंवा निळा पडदा येतो? म्हणजे वीज, रॅम, बायोस, बूट मॅनेजर इथवर सगळे आपापले काम करून बाजूला झाले आहेत. घोटाळा पुढच्या पायरीवर, गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे.

१९ जुलैचा घोटाळा असाच, शेवटच्या टप्प्यातला होता.

क्राउडस्ट्राइकचे फाल्कन हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करते. वाड्याच्या ओसरीवर आलेला पाहुणा अडखळून पडला तर त्याचे त्याला लागते, पण माजघरातला मधला खांब निसटला तर आढे खाली येते. गाभ्यातल्या ड्रायव्हरचे स्थान त्या खांबासारखे असते. साधा प्रोग्राम चुकला तर विंडोज तो बंद करून पुढे चालू लागते. गाभ्यात चूक झाली तर कोणती स्मृती खरी आणि कोणती बिघडलेली याचा भरवसा उरत नाही. म्हणून विंडोज स्वतःहून सगळे थांबवते आणि निळा पडदा दाखवते. तो पडदा पाहून लोक घाबरतात, पण डिस्कवर चुकीचे काही लिहिले जाण्याआधी थांबलेले बरे, याच हिशेबाने तो आलेला असतो.

चूक काय होती, ते कंपनीने ६ ऑगस्टला सविस्तर अहवालात मांडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये फाल्कनमध्ये एक नवी तपासणी आली होती. तिच्या नमुन्यात २१ रकाने ठरलेले होते. प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. मार्च-एप्रिलमध्ये पाठवलेल्या फायलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तिकडे कोणी पाहायला गेले नाही. १९ जुलैच्या फायलीने पहिल्यांदा त्या रकान्यात ठोस काहीतरी शोधायला सांगितले. प्रोग्राम एकविसावे घर पाहायला गेला, आणि तिथे घरच नव्हते. पाठवण्यापूर्वी फाइल तपासणारे साधनही त्याच गैरसमजावर उभे असल्याने त्याने ती बिनचूक ठरवली. फाल्कनची नवी आवृत्ती केव्हा घ्यायची हे ग्राहकाला ठरवता येत असे, पण या छोट्या फायली सगळ्यांना एकदम जात. आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहू, मग बाकीच्यांना, ही पद्धत त्यांना लागू नव्हती. माझ्या मते खरा दोष इथे आहे. रकाना मोजण्यात माणूस चुकतो. ती चूक सगळीकडे एकाच वेळी पोचू देण्याला मात्र निष्काळजीपणाच म्हणावे लागते.

आणि फाल्कन हा अगदी सुरुवातीला सुरू होणारा ड्रायव्हर आहे. चोर पहाटे येतो, म्हणून पहारेकरी त्याच्याआधी उठायला हवा, असा त्यामागचा विचार. परिणामी यंत्र सुरू होई, फाल्कन जागे होई, फाइल वाची, निळा पडदा येई, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई, आणि फिरून तेच. दुरुस्त फाइल इंटरनेटवर तयार होती. ती उतरवून घेण्याइतका वेळही यंत्र जागे राहत नव्हते.

यावर पहिला उपाय निघाला तो नशिबाचा होता. यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करत राहा. कोसळण्याआधीच्या काही क्षणांत नेटवर्क लागले तर नवी फाइल उतरेल. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांच्या बाबतीत, काही ग्राहकांना १५ वेळा रीस्टार्ट करावे लागले, असे सांगितले. क्राउडस्ट्राइकने वायफायऐवजी केबल लावण्याचा सल्ला दिला, कारण केबलवर नेटवर्क लवकर लागते. काही यंत्रे अशी सुटली.

बाकीच्यांसाठी खात्रीचा रस्ता एकच होता. यंत्र सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीच्या पडद्यावर न्यायचे. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर उठवते, त्यात फाल्कन नसते. तिथून विंडोजच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमधले क्राउडस्ट्राइकचे फोल्डर उघडायचे, नावात २९१ हा क्रमांक असलेली फाइल पुसायची आणि यंत्र सुरू करायचे. एका यंत्राला काही मिनिटे. सांगायला इतके सोपे, की लाखो यंत्रांच्या बाबतीत ते किती अवघड झाले हे बाहेरच्याला पटत नाही. कंपनीचे कर्मचारी घरून काम करत होते, विमानतळावरचे माहितीफलक छताला टांगलेले होते, कित्येक यंत्रांना कीबोर्डच जोडलेला नव्हता. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने पाच दिवसांत सुमारे ७००० उड्डाणे रद्द केली. ४० हजार सर्व्हर हातांनी पूर्ववत करावे लागले आणि ५० कोटी डॉलरचा फटका बसला, असे तिचे प्रमुख एड बास्टियन यांनी सांगितले.

शिवाय रस्त्यात एक कुलूप होते. लॅपटॉप चोरीला गेला तरी त्यातले काही वाचता येऊ नये, म्हणून विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय असते; ती सगळी डिस्क सांकेतिक रूपात ठेवते. रोजच्या वापरात तिचे अस्तित्वही जाणवत नाही. मात्र कोणी रिकव्हरीच्या मागच्या दाराने आत जाऊ लागला की ती ४८ आकड्यांची चावी मागते. मोठ्या कंपन्या या चाव्या एका सर्व्हरवर जपून ठेवतात. कित्येक ठिकाणी तो सर्व्हरही निळ्या पडद्यावर होता! जिथे चाव्या मिळाल्या तिथे हेल्पडेस्कवरची माणसे फोनवरून ४८-४८ आकडे सांगत बसली आणि पलीकडचा माणूस ते टाइप करत गेला. या आकड्यांच्या रचनेत एक शहाणपण आहे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे टाइप करताना चूक झाली तर ती बहुधा त्या गटातच पकडली जाते, ४८ आकडे संपेपर्यंत थांबावे लागत नाही. ज्याने कोणी हे योजले त्याच्या डोळ्यांसमोर रात्रीच्या पाळीतला थकलेला माणूस असावा.

त्या दिवसांतली मला सर्वांत आवडलेली युक्ती ऑस्ट्रेलियातली आहे. ग्रँट थॉर्नटन या हिशेबतपासनीस कंपनीच्या तिथल्या तंत्रज्ञांनी आपल्या चाव्यांचे बारकोड केले. दुकानात वस्तूंवर धरतात तो स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. त्याला ड्रायव्हर लागत नाही, विंडोज सुरू असावे लागत नाही. बंद यंत्राला स्कॅनर जोडायचा, बारकोडवर धरायचा, ४८ आकडे एका क्षणात टाइप! ही युक्ती सुचायला संगणकाच्या कोणत्या पायरीवर काय जागे असते आणि काय झोपलेले असते, हे हातात मुरलेले असावे लागते.

मायक्रोसॉफ्टनेही लगेच पेन ड्राइव्हवरून चालणारे दुरुस्तीचे साधन काढले. त्याने टाइप करण्याचे कष्ट वाचले, पण पेन ड्राइव्ह घेऊन कोणीतरी यंत्रापाशी जायला हवेच होते. जुलै संपता संपता ९९ टक्के यंत्रे परत आली. संकट केवढे होते हे पाहता हा वेग थक्क करणारा आहे, आणि त्याचे श्रेय मी त्या चालत गेलेल्या माणसांना देतो.

सुरू होण्याच्या वाटेवरच यंत्राला गाठण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसायचा. १९९८ मध्ये तैवानचा विद्यार्थी चेन इंग-हाउ याने लिहिलेला सीआयएच त्याहून घातक. २६ एप्रिल उजाडला की तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसत असे आणि जमल्यास मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपवरही कचरा लिहीत असे. तशा यंत्रात प्रोसेसर आपल्या एकमेव ठाऊक पत्त्यावर जाई आणि तिथे कोणीच नसे. ती चिप बदलणे किंवा वेगळ्या उपकरणावर पुन्हा लिहून आणणे, एवढाच इलाज उरायचा.

पुण्यातला एक मोठा उद्योग याच काळात दुरुस्तीच्या टेबलावरून उभा राहिला. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत. दुरुस्त करून दिलेली यंत्रे व्हायरसमुळे पुन्हा बिघडून येत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून क्विक हील आले. मला या कहाणीतली श्रीमंती महत्त्वाची वाटत नाही. बिघडलेले यंत्र समोर घेऊन बसलेल्या माणसाला आजार आधी दिसला, हे महत्त्वाचे वाटते.

आणि पहारेकऱ्यामुळे घर बंद पडण्याची वेळही २०२४ मध्ये पहिल्यांदा आली नव्हती. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून काढून टाकली. असंख्य यंत्रे पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली आणि तंत्रज्ञ टेबलाटेबलाशी फिरले. त्या वेळी मॅकअॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कर्ट्झ होते. पुढे त्यांनीच क्राउडस्ट्राइकची स्थापना केली, आणि १९ जुलैला माफी मागायला तेच उभे होते. चौदा वर्षांत हा धडा सर्वांनी गिरवला असता, तर ती ७८ मिनिटे इतकी महाग पडली नसती.

आता आपल्या घरच्या यंत्राकडे येऊ. पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडाजवळच्या गाळ्यात ‘नो डिस्प्ले’ किंवा ‘नो बूट’ अशी चिठ्ठी लावलेली यंत्रे रांगेत असतात. तिथले उपाय कुठल्या पुस्तकातून आलेले नाहीत. पावसाळ्यात दमटपणाने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. रॅम काढून त्या खोडरबराने हलक्या घासल्या आणि परत नीट बसवली की कित्येक ‘मेलेली’ यंत्रे उठतात. तारीख मागे जाऊन बसलेली दिसली तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. त्यात गोम अशी, की सेल संपला की बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात. डिस्क ज्या पद्धतीने जोडली आहे असे विंडोज धरून चाललेले असते ती पद्धत बदलते, आणि विंडोज निळ्या पडद्यावर, बूटची डिस्क सापडत नाही म्हणून थांबते. विंडोजला काहीही झालेले नसते. सेल बदला, सेटिंग जागेवर आणा.

अशा वेळी सर्वांत वाईट सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारून टाका, नवीन विंडोज टाकून देतो’. हा सल्ला सर्रास मिळतो, कारण त्यात निदान करावे लागत नाही आणि तासाभरात यंत्र ग्राहकाच्या हाती देता येते. पण विंडोज सुरू न होणे आणि आपल्या फायली नष्ट होणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १९ जुलैच्या ८५ लाख यंत्रांतही लोकांचा डेटा जागच्या जागी होता. बूट मॅनेजरची नोंद बिघडली तर ती रिकव्हरीच्या पडद्यावरून पुन्हा बांधता येते. अपडेट अर्धवट राहिले तर तिथूनच ते मागे घेता येते. हा पडदा आणायला वेगळे काही लागत नाही. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता अडखळले की तो बहुधा आपोआप येतो. तोही येत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचे आणि मुलांचे फोटो, बिलांच्या एक्सेल, सातबाराचे स्कॅन आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. मगच पुढचे प्रयोग. एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा: फिरत्या हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर एकदाही पुन्हा सुरू करून पाहू नये. आतले डोके निकामी झालेले असू शकते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक डेटा वाचण्याची शक्यता घटते.

जुलै २०२४ नंतर मायक्रोसॉफ्टने रिकव्हरीच्या वातावरणातूनच इंटरनेटला जोडून उपाय उतरवून घेणारी सोय तयार केली. विंडोज ११ मध्ये ती २०२५ पासून आली आहे. निळा पडदाही काळा झाला. सोय चांगली आहे, आणि ती लाखो माणसांचे पाय वाचवू शकेल. फक्त यंत्र रिकव्हरीपर्यंत पोचायला हवे. खोडरबराने घासायची रॅम आणि संपलेला सेल तिच्या आवाक्यात येत नाहीत.

एक बदल मात्र घरोघरी माहीत असायला हवा. विंडोज ११ च्या २०२४ अखेरच्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होते, साध्या होम आवृत्तीतसुद्धा. म्हणजे ४८ आकड्यांची ती चावी आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही. आपण मागितली नसली तरी ती तयार झालेली असते आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसलेली असते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने त्याच्याच ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर चावी त्याच्या खात्यात आहे. मदरबोर्ड बदलला, कधी बायोस अपडेट झाले, तरी यंत्र ती मागू शकते, आणि ती नसेल तर दुरुस्तीवाला कितीही निष्णात असला तरी त्याच्या हाती फॉरमॅटशिवाय काही उरत नाही. यंत्र नीट चालू असतानाच खात्यात जाऊन ती चावी कागदावर उतरवून घ्यावी, शेजारी तिचा ओळखक्रमांक लिहावा, कारण घरात दोन लॅपटॉप असले तर चाव्याही दोन असतात. लॅपटॉप दुरुस्तीला नेताना चार्जरसोबत तो कागदही पिशवीत घ्यावा.